बेळगाव ते बेंगळूर एकटीनं: रेल्वे बरी की बस?

सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. तरी बाई पहिल्यांदा एकटी निघाली की घरातला प्रत्येक जण पेपरातली एकेक बातमी काढून बसतो. माझ्या मते भीती बर्थवर झोपल्यावरची नसते, गाडीत चढण्या-उतरण्याच्या वेळेची असते. गाडी त्या वेळेवरून निवडावी.

राणी चन्नम्मासारखी रात्रभराची रेल्वे सकाळी बेंगळूरला पोचवते. उतरल्यावर समोरच मॅजेस्टिकचा बसस्टँड आणि मेट्रो. स्लीपर डब्यात महिलांसाठी बर्थचा वेगळा कोटा असतो, एकटीलाही त्यातून तिकीट काढता येतं. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर खालचा बर्थ शिल्लक असल्यास मिळतो. दारालगतचा मात्र नको, रात्रभर ये-जा चालते. काही झालं तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९ लावायचा. योगायोग बघा, रेल्वे कायदा १९८९ चं कलमही १३९च: तिकीट नाही म्हणून एकट्या बाईला रात्री वाटेतल्या कुठल्याही स्टेशनावर उतरवता येत नाही. हे टीसीपेक्षा आपल्याला पाठ हवं.

वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून सुटते. पहाटे निघून दुपारी पोचते, सगळा प्रवास उजेडात. बेळगाव शहरातच, टिळकवाडी-शहापुरात राहणारीनं पहिली फेरी हिनंच करावी. खानापूर किंवा निपाणीच्या बाईला मात्र हीच गाडी अडचणीची. पहाटेची गाडी गाठायला घर मध्यरात्रीनंतर सोडायचं, आणि परतीला रात्री उशिरा बेळगावात उतरून पुढं जायचं कशानं? शहरात मावशी-आत्या असेल तरच हिचा विचार करा.

बसमध्ये सरकारी आणि खासगी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरकारी गाडी स्टँडवरून स्टँडवर जाते, कंडक्टरला विचारता येतं. साध्या आणि एक्स्प्रेस गाडीत कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेमुळं जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, स्लीपरला ती सवलत लागू नाही. खासगी स्लीपरचं एकेरी बर्थ आरामाचं खरं, पण ऐनवेळी फोन येतो, “मॅडम, हायवेला पुलाखाली थांबा.” रात्री दहाला पुलाखाली उभं राहणं हाच त्या प्रवासातला सगळ्यात वाईट अर्धा तास. पिकअप शहरातल्या ऑफिसवरून असेल तरच बुक करा, आणि उतरायचं ठिकाणही आधीच विचारून घ्या. नाहीतर पहाटे चारला अनोळखी चौकात सोडतात.

माझी पसंती रात्रीच्या रेल्वेला. पुण्याकडं जायचं असेल तर आणखीच. सीमाभागात वातावरण तापलं की आधी दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तसंच झालं होतं.