कोर्ग मिनीलॉग : संगणकाची लय कितपत पाळतो?

कोर्ग या जपानी कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेला मिनीलॉग हा एका वेळी चार सूर वाजवू शकणारा ॲनालॉग सिंथेसायझर (विद्युत मंडलांतून थेट ध्वनी निर्माण करणारे वाद्य) आहे. ३७ बारीक पट्ट्या, १६ पायऱ्यांचा सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून आपोआप वाजवणारा भाग), ध्वनीची तरंगरेषा दाखवणारा चिमुकला पडदा आणि बहुतेक प्रत्येक गुणधर्मासाठी स्वतंत्र नॉब, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. त्याच्या आवाजाची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तही आहे. येथे मात्र एकाच अंगाने त्याची परीक्षा करायची आहे : घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडल्यावर हे वाद्य लयीला किती पक्के राहते आणि त्यासाठी वापरणाऱ्याला काय काय करावे लागते.

जोडणीची सोय भरपूर आहे. मागच्या बाजूला यूएसबी, पाच पिनांचे मिडी इन आणि मिडी आउट (मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यात सुरांचे व लयीचे संदेश नेणारी पद्धत), शिवाय लयीचे विद्युत स्पंद घेणारे-देणारे ३.५ मिलिमीटरचे सिंक इन आणि सिंक आउट, असे तिन्ही मार्ग उपलब्ध आहेत. यूएसबीतून केवळ मिडी संदेश जातात, आवाज जात नाही. त्यामुळे ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे उपकरण) आणि त्याच्या लाइन इनपुटपर्यंत जाणारी वेगळी केबल लागतेच. यूएसबीवर वाद्य चालूही होत नाही, त्याला नऊ व्होल्टचा ॲडॅप्टर हवा. एकच केबल लावून काम भागेल असे समजून खरेदी करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजसाठी कोर्गचा स्वतःचा यूएसबी मिडी ड्रायव्हर आहे. जोडणी झाल्यावर सॉफ्टवेअरच्या यादीत मिनीलॉग एका नावाने न दिसता दोन-दोन नावांनी दिसतो आणि नवख्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. येणाऱ्या बाजूला ‘केबीडी/नॉब’ आणि ‘मिडी इन’, तर जाणाऱ्या बाजूला ‘साउंड’ आणि ‘मिडी आउट’. यांपैकी ‘केबीडी/नॉब’ म्हणजे वाद्याच्या पट्ट्या व नॉब आणि ‘साउंड’ म्हणजे वाद्याचा आवाज निर्माण करणारा भाग. उरलेली दोन नावे मागच्या पाच पिनांच्या जोडण्यांची आहेत. सॉफ्टवेअरमधून क्लॉक (लयीचे ठोके सांगणारे मिडी संदेश) पाठवायचा तो ‘साउंड’कडे. तो चुकून ‘मिडी आउट’कडे पाठवला, तर सगळे काही बरोबर दिसत असूनही सिक्वेन्सर जागचा हलत नाही.

वाद्याच्या ग्लोबल सेटिंगमध्ये ‘क्लॉक सोर्स’ नावाचा पर्याय आहे. तो यूएसबीच्या ‘ऑटो’वर ठेवला की संगणकाचा क्लॉक येताच मिनीलॉग त्याच्या मागे चालू लागतो आणि समोरचा टेम्पोचा नॉब निष्प्रभ होतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी एबलटन लाइव्हमध्ये त्या पोर्टसमोर ‘सिंक’ चालू करावे लागते, रीपरमध्ये मिडी आउटपुटच्या यादीत त्या पोर्टला क्लॉक पाठवण्याची परवानगी द्यावी लागते, तर एफएल स्टुडिओत ‘मास्टर सिंक’ सुरू करावे लागते. इतके झाले की सॉफ्टवेअरमध्ये प्ले दाबताच सिक्वेन्सर सुरू होतो आणि थांबवताच थांबतो.

आता मुख्य प्रश्न अचूकतेचा. १९८३ पासून चालत आलेल्या मिडीच्या नियमानुसार क्लॉक प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवतो. १२० च्या टेम्पोला सेकंदात ४८ ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम २०.८ मिलिसेकंदांचे अंतर राहते. हे ठोके संगणक आपली इतर कामे सांभाळून पाठवतो, त्यामुळे ते तंतोतंत समान अंतरावर पडत नाहीत. कान तयार असलेल्याला हे हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजांच्या) जोडीने वाजणाऱ्या आर्पेजिओत, म्हणजे एकापाठोपाठ सुट्या वाजणाऱ्या सुरांत, लगेच जाणवते, तर लांब सुरांच्या पॅडमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. हा दोष मिनीलॉगचा नव्हे, यूएसबीवरून क्लॉक घेणाऱ्या सगळ्याच वाद्यांच्या वाट्याला तो कमी-अधिक येतो. पण असंख्य वापरकर्ते त्याचे खापर वाद्यावर फोडतात.

याहून वेगळी आणि बहुधा जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे स्थिर विलंब. सूर वाद्यातून निघतो, इंटरफेसमध्ये त्याचे अंकीय रूप होते आणि बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) भरल्यावर तो सॉफ्टवेअरमध्ये पोहोचतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या नमुन्यांची संख्या) २५६ सॅम्पलचा बफर म्हणजेच ५.८ मिलिसेकंद झाले. शिवाय मिडी संदेश जाण्याचा आणि वाद्याने प्रतिसाद देण्याचा वेळ त्यात मिळवायचा. ठोक्यांतील डळमळ पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही, पण हा विलंब नक्की भरून काढता येतो, कारण तो बदलत नाही. त्यासाठी ॲटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यावर ठेवून एक तुटक, टोकदार आवाज तयार करावा, प्रत्येक मात्रेवर तो वाजवून ध्वनिमुद्रित करावा आणि तरंग मोठा करून ग्रीडच्या रेषेपासून तो किती मागे पडतो ते पाहावे. चार-सहा ठोक्यांची सरासरी काढून तो आकडा लाइव्हच्या ‘मिडी क्लॉक सिंक डिले’मध्ये ऋण चिन्हासह भरला की सिक्वेन्सर रेषेवर येतो. सूर सॉफ्टवेअरच्या मिडी ट्रॅकवरून वाजत असतील, तर ‘एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंट’मधील हार्डवेअर लेटन्सीचा रकाना वापरावा. बफर बदलला की हे मोजमाप पुन्हा करावे लागते, हे मात्र विसरू नये.

ज्यांना याहून काटेकोर लय हवी आहे, त्यांच्यासाठी मिनीलॉगचे सिंक इन हे छिद्र म्हणजे या वाद्याची सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सोय आहे. सॉफ्टवेअरमधील एका ऑडिओ ट्रॅकवर ठराविक अंतराने तीव्र टिचकीसारखे स्पंद मांडायचे आणि इंटरफेसच्या एका मोकळ्या आउटपुटमधून मोनो केबलने ते सिंक इनमध्ये सोडायचे. लय आता मिडीवर न चालता प्रत्यक्ष ध्वनीवर चालते, त्यामुळे ती बाकीच्या ट्रॅकशी घट्ट बांधलेली राहते. हेच तत्त्व वापरून कोर्गने आयफोनच्या हेडफोन आउटपुटमधून व्होल्का मालिकेतील वाद्ये चालवणारे सिंककंट्रोल हे ॲप काढले होते. स्पंदाची पातळी बऱ्यापैकी मोठी लागते आणि स्पंद केवळ गती सांगतो, सुरुवात सांगत नाही. म्हणून वाद्यावर प्ले आधी दाबून मगच सॉफ्टवेअर सुरू करावे. ही थोडी कटकट पत्करली, तर ई-आरएमच्या मल्टिक्लॉकसारखे महाग स्वतंत्र यंत्र घेण्याची गरज पुष्कळांना पडणार नाही.

आपल्याकडच्या संगीतासाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सिक्वेन्सरच्या १६ पायऱ्यांपैकी नको असलेल्या पायऱ्या बंद करता येतात आणि एका पायरीचे मूल्यही बदलता येते. पायरी अर्ध्या मात्रेची ठेवून १४ पायऱ्या चालू ठेवल्या की रूपकाचे एक आवर्तन बरोबर बसते. १२ पायऱ्यांत दादरा आणि सर्व १६ पायऱ्यांत केरवा मावतो. झपतालाला मात्र दहा मात्रांसाठी पायरी पूर्ण मात्रेची करावी लागते, म्हणजे आडलयीच्या किंवा दुगुनीच्या जागा हातानेच वाजवाव्या लागतात. सॉफ्टवेअरमध्ये ताल तसाच मांडलेला असेल आणि वाजवणे नेहमी समेपासून सुरू केले, तर आवर्तने शेवटपर्यंत एकत्र राहतात.

एलएफओ (आवाजात संथ, नियमित चढउतार घडवणारा भाग) टेम्पोशी बांधण्याची सोय प्रोग्रॅम एडिटमध्ये आहे आणि आर्पेजिओही क्लॉकच्या मागे नीट चालतो. पडसाद देणारा डिले मात्र टेम्पोशी जुळत नाही. लयीत पडणारे पडसाद हवे असतील, तर वाद्याचा डिले बंद ठेवून कोरा आवाज मुद्रित करावा आणि पडसाद सॉफ्टवेअरमध्ये द्यावेत, हेच शहाणपणाचे. मुद्रण तसेही मोनोच होते, कारण वाद्याला एकच आउटपुट आहे. रुंद पॅडची हौस असणाऱ्यांना हे खुपेल. नॉबची हालचाल मिडीतून मुद्रित करून पुन्हा वाजवता येते, पण वाद्यात ० ते १०२३ असणारे मूल्य मिडीत ० ते १२७ एवढेच उरते. परिणामी फिल्टरचा रेझोनन्स (धार) वाढवून कटऑफ (आवाज कुठवर जाऊ द्यायचा ती मर्यादा) हळूहळू उघडताना पायऱ्या ऐकू येतात. असा बदल नॉब हातानेच फिरवून थेट ऑडिओत घ्यावा.

संगणकाच्या ट्रॅकवरून वाजवताना ‘लोकल’, म्हणजे वाद्याच्या पट्ट्या आणि त्याचा आवाज यांची आतली थेट जोडणी, बंद करणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास दाबलेली प्रत्येक पट्टी एकदा थेट आणि एकदा संगणकाला वळसा घालून वाजते, आवाज चिरकल्यासारखा येतो आणि मुळात चारच असलेले सूर बघता बघता संपतात.

यूएसबीने जोडल्यावर काही घरांत आवाजात लॅपटॉपची बारीक किणकिण किंवा गुणगुण मिसळते. पाच पिनांच्या मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे संदेश पुढे नेणारा भाग) असल्याने दोन उपकरणांचे अर्थिंग विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडले जात नाही. यूएसबीमध्ये ते जोडले जाते आणि इंटरफेसच्या ऑडिओ केबलमधून वर्तुळ पूर्ण होते. अर्थिंग धड नसलेल्या जुन्या इमारतींत हा प्रश्न अधिक येतो. इंटरफेसला पाच पिनांचे मिडी आउट असेल, तर तेच वापरून यूएसबी काढून टाकावी आणि क्लॉक सोर्स मिडीच्या ‘ऑटो’वर न्यावा.

ज्यांना पट्टी दाबताच संपूर्ण वाद्यवृंद हवा आहे, त्यांनी मिनीलॉगच्या वाटेला जाऊ नये. एक-दोन ट्रॅकमध्ये जिवंत ॲनालॉग आवाज हवा असणाऱ्या आणि तासभर मोजमाप करण्याची तयारी असणाऱ्या संगीत संयोजकाला मात्र तो आजही घेण्याजोगा आहे. वापरलेला घेत असाल, तर लॅपटॉप सोबत न्यावा, चारही पोर्ट यादीत दिसतात का ते पाहावे आणि सिंक इनमध्ये केबल घालून सिक्वेन्सर पुढे सरकतो का, हे पैसे देण्याआधी तपासावे.