मागून घेतलेले जुने प्लग

गाडी दुरुस्तीला दिली की जुने पार्ट मागून घ्यायचे, हा सल्ला मला पहिल्यांदा कुणी दिला ते आठवत नाही. पण मी तो नेमाने पाळत आले. ब्रेक पॅड असो की एअर फिल्टर, काउंटरवर पैसे ठेवण्याआधी ‘जुनं दाखवा’ हे ठरलेलं. आपल्याला कुणी बनवू शकत नाही असा थोडा तोराही होता. मला बनवलं ते याच सवयीचा फायदा घेऊन.

गाडी सकाळी सुरू केली की थरथरायची. उभ्या गाडीत स्टिअरिंगवर नुसता हात ठेवला तरी कळायचं, की चारातला एक ठोका मधूनच गळतोय. चढावर जरा जोर दिला की झटके. मग एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल वेळेवर पेटत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलं, त्यात काही खोटं नव्हतं.

“मॅडम, प्लग गेलेत. चारही बदलू. इरिडियमचे टाकतो, लाखभर किलोमीटर बोनेट उघडायला नको.”

प्लग म्हणजे स्पार्क प्लग, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे. मला पटलं. गाडी साठ हजारांच्या पुढे गेली होती आणि कंपनीतून आलेले साधे निकेलचे प्लग चाळीस हजारांना बदला असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं. उशीर माझाच होता. अपराधी वाटत असलं की माणूस बिलाकडे फार निरखून बघत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले. दिवा विझलेला, इंजिन गुळगुळीत. “जुने प्लग?” असं मी विचारायच्या आत त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेले चार प्लग पुढे केले. एक उचलून उजेडात धरला. पांढरी चिनीमाती जिथे धातूच्या बुडख्यात शिरते, तिथे तपकिरी कडं होतं, कपाच्या आत चहाचा राप बसतो तसं. त्यावर नख टेकवून तो म्हणाला, “हे दिसतंय? इथून गॅस बाहेर पडत होता. करंट सगळा लीक.”

मी मान डोलावली, पैसे दिले आणि ते फडकं डिकीत टाकलं.

त्या कड्याबद्दल आधी सांगते, कारण हे दाखवून बरेच प्लग विकले जात असणार. ते लीकेज नसतं. प्लगवर हजारो व्होल्टचा दाब येतो, त्याने चिनीमातीभोवतीची हवा विद्युतभारित होते आणि हवेतले तेलाचे बारीक कण तिथे चिकटून डाग पडतो. इंग्रजीत त्याला कोरोना स्टेन म्हणतात. चांगल्या, धडधाकट प्लगवरही तो असतो. प्लगची तब्येत बघायची ती दुसऱ्या टोकाला, जिथे ठिणगी पडते. तिथे फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त येतंय, ओलसर तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, पांढरं पडून फोड आले असतील तर प्लग जास्त तापतोय. त्याने ते टोक माझ्याकडे वळवलंच नाही.

आठवडाभर गाडी बरी चालली. मग पुन्हा तीच थरथर, तोच दिवा. फोन केला तर उत्तर तयार होतं: “प्लग तर नवेच आहेत मॅडम, आता कॉइल गेली असेल. आणा, बदलून टाकू.”

कॉइल म्हणजे प्लगला ते हजारो व्होल्ट पुरवणारा भाग, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक.

आमच्या शेजारी एक काका राहतात. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “कॉइल गेली की नाही हे बघायला कॉइल विकत कशाला घ्यायची? तिसऱ्याची काढ, पहिल्याला लाव. पहिल्याची तिसऱ्याला. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष.” इतकं सोपं आहे हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि हात घालतेच आहेस तर प्लगही एकदा बाहेर काढून बघ, नीट कसला नसेल, असंही म्हणाले.

त्यासाठी प्लगची गोटी, म्हणजे प्लगच्या षटकोनावर बसणारा नळीसारखा पाना, लागणार होती. मापाचा प्रश्न नव्हता, जुने प्लग होतेच माझ्याकडे! डिकीतलं फडकं घेऊन दुकानात गेले, प्लगवर बसवून पाहून १६ मिलिमीटरची गोटी आणली.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बोनेट उघडलं. कॉइलचा सॉकेट सोडवला, तिचा १० नंबरचा बोल्ट काढला. बोल्टच्या खाचेत धुळीचा घट्ट थर होता, तो पान्याच्या टोकाने खरवडावा लागला. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कॉइल ओढून काढली, एक्स्टेन्शन लावून गोटी खाली उतरवली आणि फिरवली. गोटी गरगर फिरली. काही पकडतच नव्हती. मला वाटलं मीच वाकडी धरलीय. पुन्हा घातली, पुन्हा तेच.

काका कठड्यावरून बघत होते. आत गेले आणि पातळ भिंतीची १४ ची गोटी घेऊन आले. ती उतरवली आणि खट्कन बसली.

प्लग सुटताना कर्रकन आवाज झाला. वर्षानुवर्षं न हललेल्या वस्तूचा आवाज. बाहेर काढून फडक्यातल्या प्लगशेजारी ठेवला आणि मला बोलायला काही सुचेना. फडक्यातल्याचे आटे १४ मिलिमीटर जाडीचे, लांबी १९. माझ्या इंजिनातून निघालेल्याचे आटे १२ मिलिमीटरचे, लांबी साडेसव्वीस. तो जुना म्हणून दिलेला प्लग माझ्या इंजिनात कधी बसलाच नसता. भोकातच शिरला नसता!

आणि आतून निघालेला इरिडियमचा नव्हताच. इरिडियमच्या प्लगची मधली तार टाचणीसारखी असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हा साधा निकेलचा, मधला खुंटा अडीच मिलिमीटर जाड, झिजून कडा गोल झालेल्या. अंगावरचा नंबर मॅन्युअलमधल्याशी जुळत होता. फीलर गेज लावला, म्हणजे ठिणगी पडते ती फट मोजायच्या पातळ पट्ट्या. ही फट, म्हणजे गॅप, १.० ते १.१ मिलिमीटर हवी, इथे १.४ ची पट्टी आरामात गेली. गॅप वाढली की ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज मागते, आणि जोर दिल्यावर सिलिंडरमधला दाब वाढला की उडीच मारत नाही. चढावरचे झटके तेच होते. तसंच चालवत राहिले असते तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळलं असतं, आणि त्याचं बिल प्लगांपेक्षा कितीतरी मोठं.

चारही प्लग काढले. चारही कंपनीतून आलेलेच. मग तो धुळीचा थर आठवला. बोल्टला कुणी पाना लावलाच नव्हता. दिवा विझला होता तो स्कॅनरने कोड पुसल्यामुळे, आणि आवाज सुधारला होता तो इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केल्यामुळे. तिथे मात्र स्वच्छतेच्या खुणा होत्या. म्हणजे काही ना काही केलं होतं बिचाऱ्याने.

दोन्ही प्रकारचे प्लग घेऊन गॅरेजमध्ये गेले. आधी म्हणाला, पोराने चुकून दुसऱ्या गाडीचे पिशवीत टाकले. ठीक, मग माझ्या गाडीत घातलेले नवे कुठे आहेत? त्यावर थोडा वेळ गप्प. मग सूर बदलला: “तुम्ही घरी उघडलीत गाडी. आता आत काय होतं न् तुम्ही काय काढलंत, आम्ही कसं सांगणार?” खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काढताना व्हिडिओ केला नव्हता. बरीच घासाघीस झाल्यावर मजुरीचे पैसे परत दिले, प्लगांचे नाहीत. बिलावर ‘प्लग ४’ एवढंच लिहिलेलं होतं. ना नंबर, ना कंपनी.

म्हणून आता मी गाडी देताना चार कॉइलच्या बोल्टवर मार्करने एक बारीक रेघ मारते, अर्धी बोल्टवर आणि अर्धी खालच्या प्लास्टिकवर. बोल्ट फिरला की रेघ जुळत नाही. बिलावर पार्ट नंबर लिहून घेते. आणि गाडी देण्याआधी मॅन्युअलमधून प्लगचा नंबर काढून, आट्यांची जाडी, लांबी आणि षटकोनाचं माप बघून ठेवते. आपला प्लग कसा दिसतो हेच माहीत नसेल तर फडक्यातून काहीही निघू शकतं.

प्लग अर्थातच मी स्वतःच बदलले. पहिला संच ऑनलाइन मागवला, स्वस्त मिळाला म्हणून. तोही नकली निघाला, हे इथे कबूल करते. एका प्रसंगातून माणूस लगेच शहाणा होत नाही. पण या वेळी तो इंजिनात जाण्याआधी कळलं. आट्यांवरचं वायसर हातात घेताच निखळून पडलं, अंगावरची अक्षरं पुसट, आणि मधली तार नेमकी मध्यावर नव्हती. काकांनी मल्टिमीटर लावला. नंबरात रेझिस्टरचं आर अक्षर असलेल्या प्लगमध्ये वरच्या टोकापासून मधल्या तारेपर्यंत साधारण पाच किलोओम दिसायला हवेत. इथे जवळपास शून्य. आत रेझिस्टरच नव्हता. परत पाठवला आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. उष्णतेच्या आकड्यात तडजोड करू नका हेही तिथेच कळलं. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशच्या पद्धतीत बरोबर उलट. त्यामुळे ‘दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर’ असं काही नसतं.

बसवणं अवघड नाही, पण एका जागी माणूस मार खातो. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तिरका घातलेला प्लग पान्याच्या जोरावर बिनतक्रार आत जातो, आटे खात. म्हणून जुना प्लग काढण्याआधीच तो बसतो त्या खोल विहिरीतली धूळ हवेने उडवायची, मग नव्या प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून, नुसत्या बोटांनी फिरवत तो खाली बसवायचा. अडकला की नळी निसटते आणि आटे वाचतात. शेवटचं कसणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने कसतोय ते मोजणाऱ्या पान्याने. माझ्या १२ मिलिमीटरवाल्यांना १५ ते २० न्यूटन-मीटर पुरले, ॲल्युमिनियम हेडमधल्या १४ वाल्यांना २५ ते ३० लागतात. आट्यांना ग्रीस लावू नका. मुलामा दिलेल्या प्लगांना ते लागत नाही, आणि निसरड्या आट्यांमुळे तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त कसला जातो. एका वेळी एकच प्लग काढा. मी चारही एकदम काढले होते, तो रागाचा भाग होता.

गाडी आता नीट चालते.

ते परके चार प्लग मात्र अजून माझ्याकडे आहेत. एका संध्याकाळी सहज त्यांनाही फीलर गेज लावून पाहिला. नंबराच्या शेवटी ११ आहे, म्हणजे गॅप १.१ हवी. चारही १.१ च. टोकं फिकट तपकिरी, मधल्या खुंट्याच्या कडा अजून धारदार. फार तर चार-पाच हजार किलोमीटर चाललेले असतील. कुणाच्या तरी चांगल्या गाडीतून ते काढले गेले होते, आणि त्याला बहुधा तेच तपकिरी कडं दाखवलं गेलं असणार.