काळ्या गाडीवरची कोळिष्टकं: पॉलिश मशीन वापरून आठ महिन्यांनी

पॉलिश झालं त्याच संध्याकाळी हे लिहायला बसलो असतो तर नुसती स्तुती झाली असती, आणि त्यातली निम्मी खोटी ठरली असती. आता आठ महिने झालेत. मधल्या काळात गाडी तीसेक वेळा धुतली, दोन पॅनेलवर पुन्हा हात मारावा लागला आणि एक दार स्वतःच्या हाताने खराब करून घेतलं. आता लिहायला हरकत नाही.

गाडी काळी, सहा वर्षं जुनी. सावलीत झकास दिसायची. रात्री दिव्याखाली उभी केली की मात्र दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकं. यालाच स्वर्ल मार्क म्हणतात. ते गोल दिसतात म्हणून मी बरीच वर्षं समजत होतो की कोणीतरी फडकं गोल गोल फिरवल्यामुळे होतात. तसं नाही. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना, वाटेल तसे पडलेले असतात. त्यातले जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं उठल्यासारखी दिसतात. टॉर्च हातात धरून सरकवा, वर्तुळंही टॉर्चबरोबर सरकतात. पांढऱ्या गाडीवरही हे सगळं असतंच, फक्त दिसत नाही. पांढऱ्या गाडीवाले सुखी.

ओरखडे असतात ते रंगावर नाही, रंगाच्या वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस याहून जाड असतो. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे दर वेळी थोडा क्लिअर कोट जातोच, आणि गेलेला परत येत नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

मी मात्र सुरुवात चुकीची केली. मशीन घ्यायच्या आधी हाताने लावायचं, ‘सगळं एकात’ छापाचं एक पॉलिश आणलं. स्पंजावर घेऊन खांदे दुखेपर्यंत घासलं. गाडी आरशासारखी! शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. चार वेळा धुतल्यावर कोळिष्टकं जशीच्या तशी परत. त्यात तेलं आणि फिलर होते, त्यांनी ओरखडे नुसते बुजवले होते. शाम्पूने ते धुवून नेले. वस्तू वाईट आहे असं म्हणणार नाही, लग्नकार्याला जायच्या आदल्या दिवशी उपयोगी आहे. पण मला ओरखडे घालवायचे होते, झाकायचे नव्हते.

मग ड्युअल अॅक्शन मशीन घेतलं. १५ मिलिमीटर थ्रो (म्हणजे पॅड ज्या वर्तुळात घुमतो त्याचा व्यास), ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती तबकडी). सोबत ओरखडे कापणारं जरा खरखरीत कटिंग कंपाउंड, शेवटची चमक आणणारं सौम्य फिनिशिंग पॉलिश आणि पॅड. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. वेगवेगळी दोन कंपाउंडं वापरून पाहिली, पण पॅड बदलल्यावर जेवढा फरक पडला तेवढा बाटली बदलून पडला नाही. लोक बाटलीवरून भांडतात, पॅडबद्दल कोणी विचारत नाही.

रंगकामवाल्यांकडे रबिंगला असतं ते रोटरी मशीन, एकाच अक्षावर फिरणारं. झपाट्याने काम करतं, पण एका जागी रेंगाळलं तर तापून रंग जाळतं आणि नवशिक्याच्या हातून उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे सोडतं. ड्युअल अॅक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतो आणि मध्याच्या बाजूलाही घुमतो. जास्त दाबलं की स्वतःभोवती फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. नवख्यासाठी ही सोयच आहे, पण पॅड थांबलाय हे आवाजावरून कळत नाही. मी बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक ठळक रेघ मारली. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, स्थिर दिसली तर हात हलका करायचा किंवा मशीन सपाट धरायचं. फुकटातली ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. फेंडरच्या गोलाईवर पॅड दर मिनिटाला अडत होता.

तयारीबद्दल थोडक्यात: धुवा, लोहकण काढणारं द्रावण मारा (जांभळं होत खाली ओघळतं, वास कुजकट, नाक धरून उभं राहायचं), मग भरपूर लुब्रिकंट (निसरडं द्रावण) मारून क्ले, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मऊ माती, फिरवा. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बॉनेटवरून बोटं फिरवली तर धुतलेल्या गाडीवरही खरखर लागते. क्लेनंतर ती जाते. ही पायरी गाळली तर तीच घाण पॅडखाली येऊन नवे ओरखडे काढते. प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. मी एका बाजूला आळस केला आणि वायपरखालच्या खडबडीत प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश दाताच्या ब्रशने पुढचे तीन रविवार काढत बसलो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र उसनं आणलं होतं. बॉनेट, छत, दारं सगळीकडे ११० ते १२५ मायक्रॉन, आणि डावीकडचं मागचं दार एकदम २४०. एकदा ठोकर लागल्यावर ते पुन्हा रंगवून घेतलं होतं, मी विसरूनही गेलो होतो. यंत्राला आठवत होतं. हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा सांगत नाही, आणि साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. पॉलिशच्या आधी आणि नंतरच्या आकड्यांत एक-दोन मायक्रॉनचा फरक दिसला, पण तेवढा फरक यंत्र नुसतं हलवलं तरी दिसतो. त्यावरून ‘एवढाच थर गेला’ असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता मुख्य काम. बॉनेटवर टेपने दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन आखला. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच पॅड टेकवून ते पसरवायचे, मग मशीनच्या चकतीवर वेग ४. आडवे पट्टे, मग उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. सेकंदाला इंचभर, एवढ्या संथ गतीने. हे बोलायला सोपं आहे. हात आपोआप घाई करतो आणि पुसल्यावर ओरखडे तिथेच बसलेले असतात. पॉलिशची दुधी साय हळूहळू पातळ होते, जवळजवळ पारदर्शक तेलकट थर उरतो, तेव्हा थांबायचं. माझे निम्मेच ओरखडे गेले. मग मधला पॅड आणि कंपाउंड. तरी थोडे उरले. शेवटी मायक्रोफायबर कटिंग पॅड लावला आणि चौकोन साफ. टेप ओढून काढली तेव्हा एका बाजूला राखाडी जाळं, दुसरीकडे विहिरीच्या पाण्यासारखा काळाभोर रंग, मध्ये सरळ रेघ. पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

आणि इथेच फसलो. याच जोडीने दिवसभरात बॉनेट आणि उजवी बाजू उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उन्हात आणली तर बॉनेट काळं नाहीच, पाटीवरचा खडू कोरड्या हाताने पुसल्यावर उरतो तसं धुरकट. ओरखडा एकही नाही, पण सगळ्यावर मळभ. याला हेझ म्हणतात. मायक्रोफायबर पॅडचे तंतू आणि कंपाउंडचे कण मिळून मोठा ओरखडा कापतात आणि मागे लाखो अतिबारीक चरे ठेवून जातात. एकेक चरा डोळ्याला दिसत नाही, सगळे मिळून प्रकाश विखुरतात. आदल्या दिवशी दिसलं नाही याचं कारण पॉलिशमधलं तेल. त्या तेलाने चरे झाकले होते, रात्रीत ते उतरलं.

तेव्हापासून पुसून बघितल्याशिवाय कुठल्याही पॅनेलला ‘झालं’ म्हणत नाही. ते तेल उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास मिसळायचं, पॅनेलवर फवारायचं, मऊ कापडाने दाब न देता उचलायचं आणि मग टॉर्च मारायची. कोरडं झाल्यावर घासत बसलात तर मऊ क्लिअर कोटवर त्या कापडानेच नवे चरे पडतात. तेही करून झालंय.

हेझ घालवायला नवीन काही आणावं लागलं नाही. मऊ फोमचा स्वच्छ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग ३ ते ४, मशीनचं वजन तेवढाच दाब आणि शेवटचे दोन पट्टे तर जवळजवळ अधांतरी. पहिल्या प्रयत्नात बॉनेट साठ-सत्तर टक्केच उजळलं. का, ते पॅड हातात घेऊन बघितल्यावर कळलं: फोमची छिद्रं वाळलेल्या पॉलिशने आणि घासून निघालेल्या क्लिअर कोटच्या पांढऱ्या लगद्याने गच्च भरलेली. त्या लगद्यानेच मी रंग घासत होतो. त्यानंतर प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झटकला आणि तीन-चार चौकोनांनंतर बदलला. मळभ गेलं. (पॅडवर पांढरं आलं तर क्लिअर कोट. गाडीचाच रंग आला तर जुना एकथरी रंग समजावा, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅड रंगला तर ताबडतोब थांबा.)

ज्या मोजक्या पॅडच्या भरवशावर मी काम काढलं होतं ते हास्यास्पद होतं. एका गाडीला मऊ फोमचे चार-पाच आणि कापायचे तीन-चार तरी हवेत. उलट कंपाउंड फारसं लागत नाही: २५० मिलीच्या बाटल्यांत पूर्ण गाडी झाली, नंतरची डागडुजी झाली, तरी तळाशी उरलंय. संचात आलेला लोकरी पॅड अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. पॅनेलच्या कडा आणि उभार रेघा यांवर मी मशीन नेलंच नाही. तिथे थर पातळ असतो आणि सगळा दाब एका रेषेवर येतो. तिथले ओरखडे तसेच आहेत. सांगितल्याशिवाय कोणाला दिसले नाहीत.

सगळं मिळून दोन शनिवार-रविवार गेले. वर सिलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारा लेप, लावला. पहिले दोन महिने गाडी बघत राहावी अशी होती.

तिसऱ्या महिन्यात चालकाच्या दारावर, हँडलच्या खाली, वीतभर जागेत कोळिष्टकं दिसली. बॉनेट स्वच्छ, छत स्वच्छ, हेच दार का? दोन-तीन धुण्यांत स्वतःवर नजर ठेवली तेव्हा चोर सापडला. गाडी पुसून झाली की उरलेले थेंब टिपायला मी तेच फडकं घेऊन शेवटी दारापाशी यायचो. तोवर ते खालच्या पट्टीवरून, चाकांच्या कमानीवरून फिरून आलेलं. म्हणजे सहा वर्षांची कोळिष्टकंही मीच विणली होती, रोज सकाळी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकून. धूळ म्हणजे बारीक वाळूच की! आता कोरडं फडकं गाडीला लागत नाही. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खंगाळायची, वरून खाली, खालच्या भागाला वेगळा मोजा, आणि कोरडं करायला मोठा टॉवेल पसरून नुसता टिपायचा, ओढायचा नाही.

ते दार आणि पक्ष्याच्या विष्ठेने डाग पडलेला बॉनेटचा एक कोपरा पाचव्या महिन्यात पुन्हा केला. फक्त फिनिशिंग पॉलिश, वीस-वीस मिनिटं. दाराचं जाळं पूर्ण गेलं. विष्ठेचा डाग फिका झाला, त्याची किनार तिरप्या उजेडात अजून दिसते. त्यासाठी कंपाउंड काढलं नाही, आणि पूर्ण गाडीला तर पुढची दोन-तीन वर्षं काढायचा विचार नाही.

मशीन घ्यावं का? काळी किंवा गडद रंगाची गाडी असेल, धीर असेल आणि आधी धुण्याची पद्धत बदलायची तयारी असेल तर जरूर. भंगारातलं एखादं बॉनेट मिळालं तर पहिला दिवस त्यावर घालवा. मी थेट स्वतःच्या गाडीवर शिकलो, ते धाडस आता करणार नाही.

डिकीवर एक लांब ओरखडा आहे, त्यात नख अडकतं. नख अडकतं म्हणजे तो पॉलिशच्या आवाक्याबाहेर गेला. तो काढायच्या नादात आजूबाजूचा थर जाईल. त्याच्या कडा पॉलिशने गोलसर झाल्यात, पूर्वीसारखा पांढरा चमकत नाही. परवा पुसताना त्याच्यावरून टॉवेल नेला आणि तो आहे हे नंतर आठवलं.