आधी टी की थेट टॉप सर्जरी?

मुंबईतल्या ट्रान्स पोरांचा (जन्मावेळी मुलगी ठरवलेल्या मुलांचा) नेहमीचा प्रश्न, आधी टेस्टोस्टेरॉन म्हणजे टी हे हार्मोन सुरू करायचं की डायरेक्ट टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करायचं ऑपरेशन? बऱ्याच जणांना वाटतं वर्षभर टी घेतल्याशिवाय सर्जन हातच लावत नाही. तसा नियम नाहीये. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांच्या २०१२ च्या सातव्या आवृत्तीतही छाती सपाट करायच्या ऑपरेशनला हार्मोन्सची अट नव्हती, २०२२ च्या आठव्यातही नाही. मेंटल हेल्थवाल्यांचं एक लेटर पुरतं. पण एखादा सर्जन स्वतःची अट घालतोच, म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. (ट्रान्स बायकांच्या स्तनांच्या इम्प्लांटचं वेगळं, तिथे आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन घेतलेलं बरं, कारण त्यानेच स्तनांची बरीच वाढ होते.)

टीने आवाज फुटतो, दाढी येते, पाळी बहुतेकांची थांबते, पण छाती काही जात नाही, म्हणजे मे महिन्यात विरार लोकलमध्ये घामाने चिकटलेला बाइंडर (छाती दाबून सपाट दाखवणारा घट्ट कपडा) आहेच. वर रक्त घट्ट होतंय का बघायला ठराविक काळाने हिमोग्लोबिन, हेमॅटोक्रिट तपासायचं. आणि फुटलेला आवाज परत बारीक होत नाही, घरी सांगितलं नसेल तर आईला फोनवरच कळेल.

थेट सर्जरीत बाइंडरची कटकट सुटते, आवाज आहे तसाच. मात्र खर्च एकदम अंगावर येतो, काही आठवडे जड उचलायचं नाही, आणि छाती मोठी असेल तर दोन आडवे व्रण राहतातच. लोकलच्या गर्दीत तर इतक्यात घुसूच नका.

माझं विचाराल तर, त्रास फक्त छातीचा असेल तर टीची वाट कशाला बघायची?