खेळघर की खाटेजवळ: गंभीर आजारी मुलांसोबत स्वयंसेवा
वॉर्डाच्या खेळघरात एका वेळी चार-पाच मुलं असतात, बरोबर पालकही असतात. नवख्याला निभावून नेता येतं. खरं काम खेळ संपल्यावर सुरू होतं. प्रत्येक खेळणं जंतुनाशकानं पुसून आपोआप सुकू द्यायचं. घाईत कोरडं फडकं फिरवलं, तर द्रावणाला जंतू मारायला वेळच मिळत नाही. कापडी बाहुल्या नकोतच.

खाटेजवळचं काम अवघड. केमोथेरपीनं (कर्करोगावरच्या औषधोपचारानं) रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला साधी सर्दीही महागात पडते. घसा खवखवला तरी त्या दिवशी घरीच थांबा. आत जाण्याआधी नर्सला विचारा, हात सॅनिटायझरनं 20 ते 30 सेकंद चोळा. सलाईन कोणत्या हाताला आहे ते पाहून रंग दुसऱ्या बाजूला मांडा. 15-20 मिनिटं पुष्कळ झाली. मूल भिंतीकडे वळलं, की आवरतं घ्या. (शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या मुलासमोर खाऊच्या गप्पा मारणारे महाभागही असतात.) विलगीकरणाच्या खोलीत नेलेले खडू तिथंच राहतात.

‘उद्या येतो’ हे दोन्हीकडे टाळा. खाटेवरचं मूल तर दाराकडे डोळे लावून बसतं. पहिले दोन-तीन महिने खेळघरच बरं.