मेइजी जिंगू की कंदा म्योजिन : टोकियोत एकच सकाळ हाताशी असेल तर

टोकियोत आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याला शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माच्या, देवस्थानासाठी बहुधा एकच सकाळ देता येते. ती कुठे घालवावी असा प्रश्न निघाला की हाराजुकु स्थानकाला लागून असलेल्या दाट रानातले मेइजी जिंगू आणि अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारपेठेजवळच्या टेकाडावरचे कंदा म्योजिन, ही दोन नावे प्रामुख्याने पुढे येतात. दोन्ही भर वस्तीत आहेत आणि दोन्हींच्या आवारात विनाशुल्क प्रवेश आहे. तरीही तिथून परतताना माणूस सोबत काय घेऊन येतो, याचा विचार केला तर ही दोन स्थळे एकमेकांपासून फार दूर आहेत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मेइजी जिंगूचे उंच वृक्ष आणि त्यांच्या सावलीतली रुंद वाट पाहून हे हजार वर्षांपूर्वीचे तीर्थ असावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आधुनिक जपान घडला त्या काळचे सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ ते 1920 साली उभारले गेले. रानही माणसांनीच लावलेले आहे. देशभरातून सुमारे एक लाख झाडे भेट म्हणून आली आणि तरुण स्वयंसेवकांनी ती सुमारे 70 हेक्टर जागेत लावली. निक्को या तीर्थस्थळाप्रमाणे इथेही सुगी (जपानी देवदार) वृक्षांचे भव्य बन असावे, असा तत्कालीन पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांचा आग्रह होता; मात्र होंदा सेइरोकु आणि त्यांच्या सहकारी वनतज्ज्ञांनी ही जमीन व शहराची हवा सुगीला मानवणार नाही हे पटवून दिले आणि पुढे आपोआप नवे होत राहील असे ओक, कापूर यांसारख्या सदाहरित वृक्षांचे रान आखले. वाटेवर पडलेला पाचोळा आजही झाडून पुन्हा झाडांच्या बुंध्याशीच टाकला जातो. मुख्य वाटेवरच्या 12 मीटर उंच लाकडी तोरीखालून, म्हणजे देवस्थानाच्या कमानीखालून, आत शिरल्यावर काही मिनिटांतच रहदारीचा आवाज मागे पडतो आणि पायांखालच्या खडीचा आवाज तेवढा उरतो. शहराच्या मध्यावर असताना शहराचा असा विसर पडणे, हे माझ्या मते मेइजी जिंगूचे खरे देणे आहे. 1945 च्या हवाई हल्ल्यांत जळालेले मंदिर 1958 साली पुन्हा बांधले गेले. ते देखणे आणि संयत आहे, परंतु लक्षात राहते ती तिथपर्यंत नेणारी वाट.

कंदा म्योजिन शहराचा विसर पडू देत नाही. परंपरेनुसार 730 साली स्थापन झालेले हे देवस्थान 1616 साली सध्याच्या जागी आले आणि एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, व्यापारी व कारागीर वस्त्यांचे रक्षकदैवत बनले. हे नाते अजूनही जिवंत आहे. नववर्षाच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी आसपासच्या कंपन्यांचे कर्मचारी कार्यालयीन पोशाखात व्यवसायाच्या भरभराटीसाठी इथे रांगा लावतात, आणि संगणक व माहिती सुरक्षित राहावी म्हणून इथे खास ताईतही मिळतो. लाल-सोनेरी रंगाचे मुख्य मंदिर 1934 साली पोलाद आणि काँक्रीटमध्ये बांधून त्यावर लाखेचे काम केलेले आहे आणि त्यामुळेच ते 1945 च्या आगीतून वाचले. म्हणजे वास्तूपुरते बोलायचे तर कंदाचे मंदिर मेइजीच्या आजच्या मंदिराहून जुने आहे.

या दोन देवस्थानांना जोडणारा एक प्रसंग आहे, आणि निवड करण्यापूर्वी तो प्रत्येकाला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. कंदामध्ये पूजल्या जाणाऱ्या तीन दैवतांपैकी एक म्हणजे ताइरा नो मासाकादो, दहाव्या शतकात क्योतोच्या दरबाराविरुद्ध बंड करून 940 साली मारला गेलेला योद्धा. 1874 साली सम्राट मेइजी कंदा म्योजिनच्या भेटीला येणार होते, तेव्हा राजसत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरासमोर सम्राटाने नतमस्तक होणे अयोग्य ठरेल म्हणून मासाकादोला मुख्य दैवतांतून हटवण्यात आले; त्याचे स्थान त्याला परत मिळाले ते थेट 1984 साली. एका ठिकाणी तो सम्राट देवरूपाने पूजला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या आगमनासाठी दूर सारलेला लोकांचा वीर पुन्हा विराजमान आहे. दोन्ही पाहणाऱ्याला आधुनिक जपानचा इतिहास या एका दुव्यातून पुष्कळसा उमगतो.

मराठी पाहुण्याच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. शिंतो देवस्थानात दैवताचे प्रतीक गाभाऱ्यात झाकलेले असते, त्यामुळे मूर्तीशी नजर भिडवून दर्शन घेण्याची सवय असलेल्या आपल्या ज्येष्ठांना मेइजी जिंगूमध्ये ‘देव कुठे आहे?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कंदामध्येही गाभारा दिसत नाही, पण आवारात तांदळाच्या गोण्यांवर उभ्या असलेल्या, हसऱ्या दाइकोकूचा प्रचंड दगडी पुतळा आहे. दाइकोकू हे मूळच्या महाकालाचे जपानी रूप. बौद्ध धर्माबरोबर ते तिकडे पोहोचले आणि नावाच्या चिनी लिपीतील अक्षरांचा उच्चार जुळल्यामुळे ओकुनिनुशी या शिंतो दैवताशी एकरूप झाले. हे सांगितल्यावर आई-वडिलांचे हात आपसूक जोडले जातात, आणि ती जवळीक मेइजीत सहज लाभत नाही.

प्रार्थनेची रीत दोन्हीकडे सारखीच आहे: हात व तोंड धुऊन, दानपेटीत नाणे टाकून, कमरेतून दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची आणि शेवटी पुन्हा एकदा वाकायचे. नाणे पाच येनचे असल्यास उत्तम, कारण ‘गो-एन’ या उच्चारात ऋणानुबंध असाही अर्थ सामावलेला आहे. देवस्थानांत नशीब पाहण्यासाठी चिठ्ठ्या काढतात; मेइजी जिंगूच्या चिठ्ठ्यांत शुभाशुभ भाकीत नसते, तर सम्राट-सम्राज्ञींच्या बोधपर कविता असतात आणि त्या इंग्रजीतही मिळतात.

चालण्याचा विचार मात्र गंभीरपणे करावा. मेइजीत स्थानकाकडच्या कमानीपासून मंदिरापर्यंत साधारण दहा मिनिटे चालावे लागते. वाट बरीचशी सपाट असली तरी गुडघे दुखणाऱ्यांना खडी त्रासदायक ठरते. कंदाला अकिहाबाराकडून गेल्यास उंच दगडी जिना लागतो, म्हणून ज्येष्ठांनी ओचानोमिझु स्थानकाच्या बाजूने सौम्य चढाने यावे. त्या वाटेवर कमानीशेजारच्या जुन्या दुकानात तांदळापासून केलेले गरम, गोड आमाझाके प्यायला मिळते. दोन्ही वाटा जमणार नसतील तर आकासाकाचे हिए जिंजा हा चांगला पर्याय आहे, कारण तिथे वर जायला सरकता जिना आहे.

जानेवारीचे पहिले तीन दिवस मेइजी जिंगू टाळावे, कारण तेवढ्यात तिथे सुमारे तीस लाख लोक येतात; जूनमध्ये मात्र तिथल्या आतल्या बागेतील आयरिसच्या फुलांसाठी वेगळे शुल्क भरूनही अवश्य जावे. विषम इसवी सनाच्या वर्षी मेच्या मध्यास टोकियोत असाल तर कंदा मात्सुरी या उत्सवाच्या पालख्यांपुढे दुसरा कोणताही बेत ठेवू नये.

माझा सल्ला वेळेवर बेतलेला आहे. मेइजी जिंगूचे दरवाजे सूर्योदयाला उघडतात. त्यानंतरच्या तासाभरात पोहोचणे शक्य असेल तर तेच निवडावे, कारण त्या वेळच्या रानाला टोकियोत तोड नाही. न्याहारी आटोपून दहाच्या पुढे निघणाऱ्यांनी कंदा म्योजिनला जावे, कारण वाढत्या गर्दीत मेइजीची शांतता विरळ होत जाते, कंदा मात्र गर्दीत अधिकच खुलते. निशि-कासाईत मराठी नातेवाइकांकडे उतरलेल्यांना दोन्ही सोयीचे आहे: मेट्रोच्या तोझाई मार्गाने ओतेमाचीला यावे आणि चियोदा मार्गाची गाडी पकडावी. एका दिशेला पुढचेच स्थानक कंदासाठीचे शिन-ओचानोमिझु आहे, तर उलट दिशेच्या गाडीने थेट मेइजी-जिंगुमाएला उतरता येते.