लॅटिनच्या शिकवणीत गेलेले १,०४,६०० रुपये

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरे ओळखून वाचणे-लिहिणे त्याला अवघड जाते. त्याला घरी लॅटिन शिकवण्याच्या नावाखाली एका ऑनलाइन शिकवणीने माझ्याकडून १,०४,६०० रुपये उकळले. त्यातली मूल्यमापनाची फी २,५०० रुपये, ९६ तासिकांचे पॅकेज ८६,४०० रुपये, ‘विशेष अध्ययन संच’ ९,२०० रुपये आणि परीक्षेची नोंदणी ६,५०० रुपये. प्रत्यक्षात झाल्या फक्त १७ तासिका. हे लिहिताना लाज वाटते, तरीही लिहीत आहे, कारण अशा मुलांचे पालक किती थकलेले असतात हे या लोकांना नेमके ठाऊक असते.

लॅटिनच कशाला, असे मला ज्याने त्याने विचारले आहे. इंग्रजीत एकच अक्षर शब्दागणिक वेगळे वाचावे लागते आणि माझा मुलगा अडतो तो तिथेच. लॅटिन बहुतांशी लिहिले तसे वाचता येते. शिवाय शब्दाचे मूळ आणि त्याचा प्रत्यय सुटे करून दाखवता येतात, आणि ती मुळे ओळखीची झाली की पुढे इंग्रजीतले लांबलचक शब्द तुकड्या-तुकड्यांनी फोडता येतात. ‘पोर्त’ म्हणजे वाहून नेणे हे कळल्यावर ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टेबल हे शब्द त्याने एका बैठकीत स्वतः उलगडले होते, आणि तेव्हा ही शिकवणी सुरूही झालेली नव्हती. म्हणजे माझा विचार चुकीचा नव्हता, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. त्या लोकांनी याच खऱ्या गोष्टींना आपले खोटे आश्वासन जोडले, की सहा महिन्यांत डिस्लेक्सिया ‘पूर्ण बरा’ होतो. डिस्लेक्सिया हा बरा होणारा आजार नाही. योग्य पद्धतीने, पायरीपायरीने शिकवल्यास वाचन पुष्कळ सुधारते, पण ती अडचण कोणत्याही भाषेने निघून जात नाही. हे मला तेव्हाही माहीत होते. ‘बरा’ हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी मी फोन ठेवायला हवा होता.

पुढचे सगळे तुम्ही ओळखलेच असेल: मोफत पहिली भेट, वीस प्रश्नांचे ‘मूल्यमापन’, सवलत आजच्या दिवसापुरतीच आणि दरमहा ७,२०० रुपयांचे बारा हप्ते. ते हप्ते म्हणजे माझ्या नावावरचे कर्ज होते आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने पूर्ण ८६,४०० रुपये पहिल्याच दिवशी शिकवणीच्या खात्यात भरले होते, हे मला फार उशिरा समजले. ‘हप्त्यांची सोय’ असे कोणी म्हणाले तर पैसे कोण कोणाला देणार आहे, हे आधी लेखी विचारा.

आता नवव्या तासिकेविषयी. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने सांगितले होते की लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ होतो. मुलाने ‘केना’, म्हणजे जेवण, हा शब्द जाड कागदावर लिहिला, बोटाने गिरवला आणि ते कार्ड आपल्या टेबलावर चिकटवले. नवव्या तासिकेला तोच शब्द शिक्षकाने ‘चेना’ असा वाचला. मुलगा थांबला, त्याने टेबलावरच्या कार्डाकडे पाहिले आणि मला हळूच विचारले, “आई, हे तेच अक्षर आहे ना?” मी म्हणाले, “सर सांगतात तसं म्हण.”

लॅटिनचे दोन उच्चार रूढ आहेत. प्राचीन रोमन पद्धतीत ‘केना’ म्हणतात आणि चर्चच्या पद्धतीत ‘चेना’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ज्याला दोन्ही माहीत आहेत तो शिक्षक एक पद्धत निवडून तिलाच धरून राहतो, आणि समोर डिस्लेक्सिया असलेले मूल असेल तर काटेकोरपणे धरून राहतो. हा माणूस दोन ठिकाणांहून उतरवून घेतलेला मजकूर वाचत होता. माझ्या मुलाने ते पकडले होते. मला मात्र तो अक्षरे चुकीची वाचतो हे ऐकण्याची इतकी सवय झाली होती की त्या दिवशीही चूक त्याचीच असणार असे मी धरून चालले. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण मी त्याला गप्प केले याचे त्याहून मोठे आहे.

त्यानंतर ९,२०० रुपयांचा संच आला. तो एका जुन्या इंग्रजी व्याकरणाच्या पानांची छायाप्रत निघाला. अक्षर बारीक, आणि एका पानावर पाचही प्रकारच्या नामांची सगळी रूपे कोंबलेली. या मुलांना एका वेळी एकच प्रत्यय, मोठ्या अक्षरात, वेगळ्या रंगात द्यावा लागतो. सोबतच्या सरावपत्रिकेत ‘मुलगी शेतकऱ्यावर प्रेम करते’ या वाक्यासाठी ‘पुएल्ला आग्रिकोला आमात’ असे छापले होते, म्हणजे कर्माची विभक्तीच गायब. तिथे ‘आग्रिकोलाम’ हवे. शाळेत संस्कृत शिकलेल्या कोणालाही हे खटकेल. मला खटकले, आणि मी ती छपाईची चूक समजून पुढे गेले.

पंधराव्या तासिकेनंतर परीक्षेचे ६,५०० रुपये घेतले, सतराव्यानंतर शिक्षक आजारी पडले, आणि आठ दिवसांत सगळे नंबर बंद झाले.

पोलिसांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “वर्ग झाले ना काही? मग फसवणूक कसली?” ९०० रुपयांची एक तासिका धरली तरी १७ तासिकांचे १५,३०० रुपये होतात आणि एकट्या पॅकेजचे ७१,१०० रुपये उरतात, हे मी कागदावर मांडून दाखवले. त्यावर दुसरे साहेब म्हणाले, “मुलाला वाचता येत नाही तर लॅटिन कशाला?” फसवले गेलेल्या माणसाला त्याच्या मुलाच्या अभ्यासक्रमाचा जाब विचारण्याचा अधिकार यांना कोणी दिला? बँकेने तीन पत्रांना एकच उत्तर पाठवले, की व्यवहार माझ्याच संमतीने झाला आहे. ग्राहक तक्रारीसाठी समोरच्याचा पत्ता मागितला गेला. तो माझ्याकडे असता तर मी स्वतःच तिथे जाऊन उभी राहिले असते. एक तक्रार तर मला न विचारता ‘निकाली’ म्हणून बंद केली गेली, आणि ती पुन्हा उघडण्यासाठी नवा अर्ज, नव्या प्रती आणि पुन्हा पहिल्यापासून तीच कहाणी. कर्ज देणारी कंपनी मात्र एक दिवसही चुकत नाही. पाच तारखेला ७,२०० रुपये खात्यातून जातातच.

महिन्यापेक्षा जास्त पैसे आगाऊ देऊ नका. उच्चाराची कोणती पद्धत शिकवणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर गोलमोल आले तर तिथेच थांबा. तुम्ही निवडलेला एखादा परिच्छेद शिक्षकाकडून समोर वाचून घ्या. निदान पात्र मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या, विक्रेत्याच्या प्रश्नावलीवरून कधीही नको. संभाषणांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जपा, कारण नंतर सगळे पुसले जाते. आणि मूल काही विचारत असेल तर तासिका थांबवून त्याचे ऐका.

आता मीच त्याला रोज पंधरा मिनिटे शिकवते, दिवसाला तीन शब्द, आणि प्रत्यय लाल पेन्सिलीने. ‘केना’चे कार्ड अजून टेबलावर आहे. त्याचा उच्चार ‘क’च करायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. चार हप्ते बाकी आहेत.